कागदाकडची मंडळी

माणसांच्या सोयीसाठी कागद तयार करणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण कागदांच्या सोयीसाठी माणसाचं लग्न लावून देणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. आणि ते लग्न माझंच असल्यामुळे याबाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुलुंडला आग्रा रोडवर पाण्याचे पंप तयार करणारी एक कंपनी होती, तिच्या रेकॉर्ड रूमचे ते प्रमुख. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्या कंपनीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग, त्याला चालवायला म्हणून, मी आलो. कॉम्प्युटरला एअरकंडिशनरची खोली, काचेचा दरवाजा आणि दाराबाहेर चपला काढण्यासाठी कोरी करकरीत चटई मिळाली. मला एक स्टूल मिळालं. पहिल्याच आठवड्यात मामा त्या चटईवर चपला काढून, काचेवर बोटाचा डाग उमटू नये म्हणून कोपरानं दार ढकलून आत आले आणि हात मागे बांधून मशीनकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि टेबलावरची थाळीएवढी फ्लॉपी डोळ्यांनीच दाखवत तिसरा प्रश्न विचारला, "ह्येका वाळवी लागता?"

वाळवी लागत नाही, असं मी सांगितलं. "बुरशी?" बुरशी मात्र लागते, असं मी म्हणालो, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम निवळला. "म्हणजे आमच्यातलीच आसा," असं म्हणून ते निघून गेले. पुढच्या काही दिवसांत त्यांनी माझ्या घाटकोपरच्या घराची, माझ्या वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीची आणि आमच्या गावच्या मूळ घराण्याची सगळी चौकशी केली आणि गणपतीच्या आधी भाचीची पत्रिका घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, माझ्यात काहीतरी गुण दिसले असतील. साखरपुड्याच्या पंगतीत त्यांनी खरं कारण कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. मशीनवरची मुलं आज आहेत उद्या नाहीत, कोणी पुण्याला जातो, कोणी गल्फला जातो. जावई झाला की कुठे जात नाही. रेकॉर्ड रूम आणि मशीन यांच्यात घरोबा व्हायचा असेल, तर मशीनचा माणूस घरातला पाहिजे. हे ऐकताना माझी होणारी बायको मान खाली घालून हसत होती, आणि त्या हसण्यावर मी भाळलो, म्हणून बरं.

मामांच्या डोक्यात सगळा कारभार लग्नघरासारखा होता. रेकॉर्ड रूममधले कागद ही मुलीकडची मंडळी आणि मशीन म्हणजे मुलाकडची. मुलाकडच्यांना तोरा असायचाच, त्यांना गारेगार खोली लागायचीच, त्यांची माणसं बूट काढायला लावणारच. मुलीकडच्यांनी ते सोसायचं, पण मान सोडायचा नाही. मशीनमधून निघालेला रुंद, कडेला भोकं असलेला कागद त्यांच्याकडे गेला की ते त्याला आधी टेबलावर नीट पसरू द्यायचे, हातानं सुरकुत्या काढायचे आणि मगच वाचायला घ्यायचे. "लांबून इलेलो आसा," असं म्हणायचे. माझ्या खोलीपासून त्यांच्या खोलीपर्यंत मधे फक्त कँटीन होतं.

त्यांची रेकॉर्ड रूम मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा देवळात आल्यासारखं वाटलं, हे मान्य करायला पाहिजे. पंखा इतका सावकाश फिरायचा की त्याची पाती मोजता यायची. कागद उडता कामा नयेत. टाचण्यांना बंदी, कारण टाचणी गंजते आणि गंज कागदाला खातो. सगळ्या फायली पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या, गाठ मामांच्या हातची. प्रत्येक फळीवर कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या. त्या वासानं मामांचे सगळे सदरे भारून गेले होते. आमच्या लग्नात त्यांनी मला मिठी मारली आणि तो वास माझ्या लग्नाच्या कोटात अजून आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात फायली कारखान्याच्या गच्चीवर वाळवणासारख्या मांडल्या जायच्या आणि मामा डोक्याला पंचा गुंडाळून, हातात काठी घेऊन कावळे हाकत बसायचे. एखादा कागद भलत्याच फायलीत सापडला, तर ते त्याला रागावत नसत. हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, तू इथे कसा अशा अर्थानं त्याला विचारत, "तू रे हंय खंय?" आणि त्याला त्याच्या घरी पोचवूनच चहा घेत.

घरीसुद्धा तोच प्रकार. मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत मामींचे डबेसुद्धा मांडणी, फळी आणि क्रमांक यांनी ओळखले जात. एकदा जेवताना मी मीठ मागितलं, तर मामांनी मान न वळवता "बी-दोन-डावीकडून तिसरा" असं सांगितलं. मामी तिथल्या तिथे म्हणाल्या, "ह्यांच्या घरात मीठ व्हया आसला तर अर्ज करूचो लागता, जावईबापू. मंजूर होयसर आमटी थंड." मामांना हे बोलणं लागत नसे. त्याच जेवणात त्यांनी मला कागद आणि मशीन यांचं सगळं तत्त्वज्ञान सांगितलं. ताटात ताज्या बांगड्याची आमटी होती आणि बाजूला सुक्या जवळ्याची चटणी. मामांनी आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. मशीनमधलं ते ताजं. आजच्या आज खायचं, चव त्याचीच. कागद तो सुका. पावसात होड्या बंद झाल्या की त्याच्यावरच घर चालतं. "ताजा मिळता म्हणान सुक्याचो डबो कोण भायर टाकता?" त्यांनी विचारलं. आणि खरं सांगायचं तर चटणीच अधिक चांगली झाली होती.

मशीन सुरू झालं त्या दिवसाची गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. आमच्या ॲडमिनच्या साहेबांनी, ते मोठे शिस्तीचे आणि कमी बोलणारे गृहस्थ होते, नारळ फोडला, हार घातला आणि बटण दाबायला हात पुढे केला. तेवढ्यात मामा मधे आले. त्यांनी साहेबांना अदबीनं विचारलं, "गाऱ्हाणा घालूक होया मा?" कोकणात कुठल्याही कामाच्या आरंभी देवाला हात जोडून जे साकडं घालतात, ते गाऱ्हाणं. साहेबांना ते काय असतं हे माहीत नव्हतं, त्यांनी मान डोलावली. मामांनी टोपी सारखी केली, काचेच्या खोलीत अनवाणी उभं राहून हात जोडले आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

कारखान्यातले निम्मे कामगार सिंधुदुर्गातले. दाराबाहेर गर्दी करून उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका दमात साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्या कारखान्यात जा ह्या नवा मशीन इला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका कोणाची वायट नजर लागली आसात, विजेचो झटको बसलो आसात, तर तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कागदाक आणि मशीनीक, दोघांका एका घरात सुखान नांदव रे म्हाराजा!"

शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला काचेचा दरवाजा थरथरला. साहेब रुमालानं कपाळ पुसत होते. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि पुढे ते जेव्हा जेव्हा बंद पडलं तेव्हा ते दुरुस्त करायला येणाऱ्या इंजिनियरपेक्षा कामगारांचा मामांवर जास्त भरवसा होता.

मामांना या सगळ्यातून काय साधायचं होतं, ते त्यांनी लग्नानंतर मला एकदा नीट सांगितलं. निवृत्त व्हायच्या आत रेकॉर्ड रूममधल्या प्रत्येक माणसाच्या फायलीवर त्याचा मशीनमधला नंबर यावा आणि मशीनमधल्या प्रत्येक नावासमोर त्याची फाइल कुठल्या रॅकवर आहे ते यावं. एकीकडून दुसरीकडे कधीही जाता आलं पाहिजे. याला ते सोयरीक म्हणायचे. साहेबांचं म्हणणं साधं होतं. सगळी माहिती मशीनमध्ये गेली की कागद रद्दीत घालायचे आणि रेकॉर्ड रूम पाडून तिथे मशीनची खोली वाढवायची. सोयरीक पुरी झाली नाही तर कागद जातील, हे मामांना स्वच्छ दिसत होतं, आणि त्यांची नोकरी संपत आली होती. त्यांची झोप एवढ्या एका गोष्टीनं उडाली होती.

अडचण अशी की आमच्या प्रोग्राममध्ये रॅकचा नंबर लिहायला जागाच नव्हती. फोर्टातल्या एका फर्मनं तो तयार करून दिला होता आणि त्यात नाव, गाव, जन्मतारीख, हुद्दा वगैरे रकाने ठरलेले होते. शोधता शोधता मला एक रिकामा रकाना सापडला: टेलिफोन नंबर. त्या काळी टेलिफोनसाठी अर्ज केलेला माणूस नातू झाल्यावर तो बघायचा. आमच्या कामगारांपैकी एकाच्याही घरी टेलिफोन नव्हता. तेव्हा त्या रकान्यात मामांचे रॅक भरायला सुरुवात झाली. मामा फायलीचा दोरा सोडायचे, उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं मशीनचा नंबर घालायचे आणि मला रॅक सांगायचे. मी तो टेलिफोनच्या जागी टाइप करायचो. एक नवे ऑडिटर "जी-चार-सात" हा टेलिफोन नंबर मुंबईतल्या कुठल्या एक्सचेंजचा, म्हणून चौकशी करत होते. मामांनी त्यांना जाग्यावर नेऊन दाखवला.

त्यांचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. एकीकडे काही बदललं, तर दिवेलागणीच्या आत दुसरीकडेही बदललं पाहिजे. कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली, कोणी लग्नानंतर वारस म्हणून बायकोचं नाव लावलं, की संध्याकाळी कारखान्याचे दिवे लागायच्या आधी मामा चटईवर चपला काढून दारात हजर. "सूर्य मावळलो की दोघांचा तोंड दोन दिशांक झाला समजा," असं म्हणायचे. मी कंटाळून एकदा उद्या करू म्हणालो, तर ते स्टुलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. मी ते काम केलं. पुढे कधी उद्या म्हटलं नाही.

आणि मग परब हरवले. आमच्या फिटिंग खात्यात तुकाराम भिकाजी परब नावाचे दोन फिटर होते, एकाच गावचे, एकाच वाडीतले, एकाच भावकीतले. दोघांची जन्मतारीख एक जून, तीसुद्धा एकाच वर्षाची. यात नवल काहीच नव्हतं. आमच्या कोकणातल्या शाळेत नाव घालायला पोरगं आलं की आईबापांना तिथी आठवायची, नक्षत्र आठवायचं, कोणाचं बारसं त्या दिवशी झालं ते आठवायचं, पण तारीख कोणाला माहीत नसायची. मग मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या कारखान्यात एक जूनला कोणाचा वाढदिवस करायचा म्हटलं असतं, तर मुलुंडमधले सगळे पेढे कमी पडले असते. फोर्टातल्या फर्मला हे काय माहीत? त्यांनी प्रोग्रामला शिकवून ठेवलं होतं की नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली तर माणूस चुकून दोनदा लिहिला गेला आहे असं समजून एक काढून टाकायचा. पगार पहिल्यांदाच मशीनवर निघाला, त्या दिवशी एका परबांना पाकीट मिळालं, दुसऱ्यांना मिळालं नाही. दोघेही हातात हात घालून काचेच्या दाराशी आले आणि थोरल्या परबांनी अत्यंत गंभीरपणे मला विचारलं, "साहेब, आमच्यातलो कोण गेलो?"

मामांना कळलं तसे ते दोन्ही फायली घेऊन आले. परबांना त्यांनी टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं, ज्याची त्याची फाइल ज्याच्या त्याच्या समोर ठेवली आणि दोरे सोडले. गावच्या बैठकीत थोर माणूस बोलतो तशा आवाजात त्यांनी वाचलं. एकाच्या उजव्या भुवईवर लहानपणी कोयता लागल्याचा व्रण. दुसऱ्याच्या डाव्या करंगळीचं नख नाही. परबांनी भुवई दाखवली, करंगळी दाखवली. साहेब मागे उभे होते. त्यांनी सोपा उपाय सुचवला. एकाची जन्मतारीख मशीनमध्ये एक दिवसानं पुढे करा, दोन जून, भानगड मिटली. मामा खुर्चीतून उठले. मी त्यांना साहेबांसमोर आवाज चढवताना त्या दिवशीच पाहिलं. "साहेब, कागदावर एक जून आसा. खोटी असो, खरी असो, माणूस त्याच तारखेवर शाळेत गेलो, नोकरीक लागलो, लगीन करून बसलो. ती बदलूचो अधिकार माका नाय, तुमका नाय." शेवटी मी प्रोग्राममध्ये टेलिफोनचा रकानाही जुळवून बघायची सोय केली. दोन परबांचे रॅक वेगळे, म्हणजे माणसं वेगळी. मामांच्या कागदाच्या पत्त्यानं एक माणूस परत आला. त्या दिवसापासून साहेब रद्दीचं नाव काढेनासे झाले. एवढंच म्हणाले की तुम्ही आहात तोपर्यंत करा, मग बघू.

त्यानंतर मामांनी झपाटल्यासारखं काम केलं. जेवणाचा डबा फायलींच्या मधे उघडायचा, रविवारी मामींची बोलणी खाऊन गेटवर यायचं, वॉचमनला पटवून आत शिरायचं. मामा स्वतः सोडले, तर कामावर असलेल्या एकूण एक माणसाची सोयरीक जुळली. उरलं ते फक्त शेवटचं रॅक. भिंतीकडेच्या त्या रॅकमध्ये निवृत्त झालेले, नोकरी सोडून गेलेले आणि वारलेले कामगार होते. मशीनला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. महिनाअखेरीला पगाराचा प्रोग्राम चालायचा, त्यात जो गेला त्याचं नाव आपोआप गळून पडायचं. साहेब म्हणाले, गेलेल्यांसाठी मशीनमध्ये जागा नाही. मामांनी विचारलं, "आणि त्यांच्या बायका-पोरा दाखलो मागूक इली तर?" मी एक कोरी फ्लॉपी बाजूला काढली आणि गेलेल्यांची नावं त्यात भरू, असं ठरवलं. पण तोपर्यंत एप्रिल संपला होता आणि मामांची स्वतःची जन्मतारीखही एक जूनच होती. एकतीस मेला त्यांची नोकरी संपणार होती. रॅक पुरं व्हायला आणखी महिना-दीड महिना तरी हवा होता.

आता गंमत अशी, आणि ही गंमत मला आजही नीट हसू देत नाही, की मामांचा जन्म खरं तर भाताच्या लावणीतला. त्यांची आई तेव्हा हयात होती, ऐंशी ओलांडलेली, गावाहून मुलुंडला येऊन राहिलेली. तिला स्पष्ट आठवत होतं. ती चिखलातून धावत घरी आली आणि घरात येताच मामा झाले. म्हणजे जुलैचा मध्य. साहेबांच्या कानावर हे कसं गेलं कोण जाणे. बहुधा मामींनीच पोचवलं असावं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की आईचं प्रतिज्ञापत्र आणा, मी वरून मंजूर करून घेतो, दीड महिना मिळेल, काम संपवा. कमी बोलणाऱ्या माणसानं केलेली ती फार मोठी गोष्ट होती. मी पेढे वाटायला निघाल्यासारखा नाचत मामांकडे गेलो.

मामा फाइल बांधत होते. त्यांनी गाठ पुरी केली, दोऱ्याचं टोक आत खोचलं आणि म्हणाले, "आई खरा बोलता. माझो जलम लावणीतलोच." मग पुढची फाइल ओढली. "पण जावईबापू, परबांच्या वेळी मी काय बोललंय? माझ्या कागदावर एक जून आसा. आता त्या कागदाक खोटो पाडून कागदांचा काम पुरा करू?" मी वाद घातला. त्यांच्या भाचीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, रविवारी त्यांच्या घरी जाऊन रडून पाहिलं. मामी तर म्हणाल्या की या माणसाला जिवंतपणी फळीवर ठेवून दोऱ्यानं बांधायला पाहिजे. मामांनी कोणाचं ऐकलं नाही, आणि मला त्यांचा राग आला. इतका राग मला त्यांच्यावर कधीच आला नव्हता.

एकतीस मेला दुपारी हार-नारळ, कॅसेटवरची गाणी, भाषणं, साहेबांचं छोटं भाषण, असं सगळं झालं. हार काढून खुंटीला अडकवून मामा परत रेकॉर्ड रूममध्ये गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी स्वतःची फाइल काढली. कामावरच्या सगळ्यांची सोयरीक झाली होती, फक्त मामांची राहिली होती. यजमानानं शेवटी जेवायचं, म्हणून. लाल पेन्सिलीला त्यांनी टोक केलं आणि मला विचारलं, "माझो नंबर सांगा." मी मशीनच्या खोलीत जाऊन पाहिलं. पगाराचा प्रोग्राम त्या दिवशी दुपारीच चालवला होता. मामांचं नाव गळून गेलं होतं. ज्या मशीनसाठी त्यांनी गाऱ्हाणं घातलं, ते मशीन आता त्यांना ओळखत नव्हतं. कँटीनवरून परत आलो. सांगायलाच पाहिजे होतं, सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या फाइलमधली चूक सापडली आणि ती त्यांना पटली. मग उजव्या कोपऱ्यात, जिथे नंबर घालायचा तिथे, त्यांनी सावकाश लिहिलं: "मशीनीत नाय." लिहून झाल्यावर फाइल त्यांनी स्वतःच्या हातानं शेवटच्या रॅकमध्ये, गेलेल्यांत ठेवली.

ते गेटबाहेर पडले, आणि कारखान्याचे दिवे लागायला अजून थोडा अवकाश होता. मी धावत मशीनपाशी गेलो, ती कोरी फ्लॉपी घातली आणि गेलेल्यांत पहिलं नाव मामांचं टाइप केलं. टेलिफोनच्या रकान्यात रॅकचा नंबर लिहिला, शेऱ्यात "निवृत्त". मग जाऊन त्यांच्या फायलीवरची ती ओळ खोडरबरानं पुसली आणि नंबर घातला. दिवेलागणीच्या आत. त्यानंतर साहेबांनी ते रॅक हलवलं नाही. मी रोज जेवणाच्या सुट्टीत थोडी थोडी नावं भरत गेलो. रविवारी छापलेला कागद मामांकडे घेऊन जायचो. ते कागदाला टेबलावर पसरायचे, सुरकुत्या काढायचे, लाल पेन्सिलीनं प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करायचे आणि पहिल्या नावावर, म्हणजे स्वतःच्या, क्षणभर थांबायचे. "ह्यो बरो माणूस होतो," असं एकदा म्हणाले, आणि मामींनी आतून विचारलं की कोण, तर हसून पुढच्या नावावर खूण केली.

शेवटची काही नावं राहिली होती तेव्हा मामा गेले. फार आजारी वगैरे नव्हते. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली. स्मशानातून आम्ही दुपारी परतलो. मला घरी जायला हवं होतं, बायको एकटी रडत होती. पण मी कारखान्यात गेलो, कारण एकीकडे बदललं तर दुसरीकडे बदलायला हवं. मामांची फाइल काढली, दोरा सोडला, शेऱ्याच्या जागी "मयत" लिहिलं. मग फ्लॉपी घालून मशीनसमोर बसलो. पहिलं नाव त्यांचं. "निवृत्त" शब्दाखाली कर्सरचा प्रकाशाचा ठिपका लुकलुकत होता. तो शब्द पुसून दुसरा घालायला वेळ असा किती लागतो? बाहेर एकेक दिवा लागत गेला. मी काहीच केलं नाही. मशीन बंद करून घरी आलो.

दशक संपता संपता ते मशीन जुनं झालं. नवं आलं, लहान, ज्याला एअरकंडिशनरही लागत नाही आणि जे थाळीएवढ्या फ्लॉपी घेत नाही. गेलेल्यांची नावं मी नव्यात पुन्हा भरली नाहीत, कारण तिथे टेलिफोनच्या रकान्यात आता खरे टेलिफोन यायला लागले होते. जुनं मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोवर चढवायला दोन्ही तुकाराम परब आले होते. चढवून झाल्यावर ते घाम पुसत उभे राहिले. मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो, ती फ्लॉपी एका लिफाफ्यात घातली, सोबत कडुनिंबाचा पाला ठेवला आणि मामांच्या फायलीत ठेवून दोरा बांधला. कागदावर मामा मयत आणि फ्लॉपीवर निवृत्त, दोघं एकाच दोऱ्यात.

बाहेर टेम्पो सुरू झाला होता. मला ते गाऱ्हाणं घालता येत नाही, लहानपणी ऐकलेलं तेवढंच. तरी हात जोडून हळू आवाजात म्हणालो, "बा देवा म्हाराजा, ह्या मशीनीत जे कोण होते, आणि जे नव्हते, त्यांका सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा." मला वाटलं, कोणी ऐकलं नसेल. मागून दोन्ही परबांचा आवाज एकदम आला, "व्हय म्हाराजा." टेम्पो आग्रा रोडला लागला. कारखान्याचे दिवे केव्हाच लागले होते, आणि मामांचं जुळवायचं राहिलं ते अजून राहिलंच आहे.